आठ विरुद्ध एक

सहा विरुद्ध तीन, सात विरुद्ध दोन, आठ विरुद्ध एक. मुंबईतल्या तीन खटल्यांमधले ज्यूरीचे हे कौल. पहिला १८९७चा आणि दुसरा १९०८चा. दोन्ही वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात लोकमान्य टिळक. तिसरा १९५९चा, आरोपी नौदलातले कमांडर कावस नानावटी. तिन्ही वेळा ज्यूरी नऊ जणांची. आकडे असे पायरीपायरीने उतरावेत हा निव्वळ योगायोग आहे, पण एकदा नजरेत भरल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

मी फौजदारी बाजूला वकिली करतो. माझ्या पिढीतल्या कुणीही ज्यूरी पाहिलेली नाही. १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा तिच्यात ज्यूरीला जागाच उरली नव्हती. आम्हाला शिकवताना ही गोष्ट एका वाक्यात उरकली जायची: लोक भावनेच्या आहारी जातात, नानावटीला सोडून दिलं, म्हणून ज्यूरी बंद झाली. ऐकायला सुटसुटीत आहे, पण खरं तर विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी रद्द करण्याची शिफारस १९५८ सालीच केली होती. नानावटींनी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या त्या २७ एप्रिल १९५९ रोजी. शिवाय त्या खटल्यानंतरही देशात, विशेषतः बंगालमध्ये, ज्यूरीपुढे खटले चालतच होते. तरीही ‘देशातला शेवटचा ज्यूरी खटला’ हे बिरुद नानावटी खटल्याला चिकटलं ते चिकटलंच. चांगली गोष्ट तारखांची पर्वा करत नाही. ज्यूरीचं मन कसं चालतं याचा हा पहिला धडा ज्यूरीच्याच इतिहासाने द्यावा, यात एक गंमत आहे.

माझी आत्या १९५९ साली कॉलेजात होती. घरात ‘ब्लिट्झ’ यायचा. संपादक करंजियांनी त्या साप्ताहिकातून नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली होती, आणि खटला कोर्टात उभा राहण्याआधीच मुंबईच्या घराघरांत त्याचा निकाल लागला होता. रस्त्यावर खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकले जात होते. आत्याचं मत आजही तेव्हाचंच आहे. एकदा मी तिला वकिली थाटात घटनाक्रम सांगितला. बायकोने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, मग जहाजावर गेले, सबब सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नाही म्हटल्यावर त्याच्या घरी.

“आत्या, दुपारी दीडला घरातून निघाले आणि चार-वीसला गोळ्या झाडल्या. मधे जवळजवळ तीन तास गेले. याला अचानक आलेला राग कसं म्हणायचं?”

“अरे, राग म्हणजे काय शिंक आहे का, आली आणि गेली?”

मी गप्प बसलो, कारण सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच तपासलं होतं. १९६१च्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेच तास मोजून म्हटलं की भानावर यायला एवढा वेळ पुरेसा होता. खुनाचा आरोप सौम्य व्हायला कायद्याला हवा असतो तो शिंकेसारखाच राग. आत्याला माहीत असलेला राग वेगळा. तो मुरत जातो. माणसांचा अनुभव बहुधा आत्याच्या बाजूने साक्ष देईल, आणि ज्यूरीत बसतात ती माणसंच.

मग मी टॉवेल काढला. बचाव असा होता की आहुजा आणि नानावटी यांच्यात रिव्हॉल्व्हरवरून झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच न्हाणीघरातून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. सरकार पक्षाचं म्हणणं, एवढी झटापट झाली तर टॉवेल जागचा हलला कसा नाही? मुद्देमालातली एक साधी वस्तू, पण दोन्ही बाजूंच्या कहाण्या तिच्यापाशी येऊन अडत होत्या.

आत्या म्हणाली, “घट्ट गुंडाळला असेल. तुला काय माहीत?”

तिच्या त्या ‘असेल’मध्ये पूर्वग्रहाचं सगळं काम उघडं पडतं. पूर्वग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे द्वेष येतो, दात-ओठ खाणारा माणूस येतो. आत्याचा आहुजावर काही राग नव्हता. तिच्यापाशी एक कहाणी तयार होती. तीत न बसणारा प्रत्येक पुरावा ती मोडून टाकत नव्हती, हलक्या हाताने जागेवर बसवत होती.

नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. ज्यूरर पुरावे सुटे सुटे तराजूत घालत नाही. साक्षी चालू असतानाच तो मनात एक कहाणी रचतो आणि शेवटी त्या कहाणीशी जुळणारा निकाल शोधतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खुनाच्या खटल्याचा पुरावा सर्वांपुढे तोच होता, फरक फक्त क्रमाचा. सरकार पक्षाचा पुरावा घटना घडली त्या क्रमाने आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने, म्हणजे विस्कळीत, ऐकवला तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. उलट केलं, बचावाला कहाणीचा क्रम आणि सरकार पक्षाला विस्कळीत, तेव्हा हा आकडा ३१ टक्क्यांवर आला. नवा साक्षीदार आणला नव्हता, कुणी फितूर झालं नव्हतं, मुद्देमाल बदलला नव्हता.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला अस्वस्थ वाटलं आणि थोडं हायसंही. अस्वस्थ का, ते उघड आहे. हायसं यासाठी की ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते उलटतपासाची तयारी करताना नेहमी विचारायचे, “प्रश्न नंतर सांग. या माणसाने त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय केलं ते आधी सांग.” त्यांनी हा प्रयोग कधी वाचला नसावा. सरांना तो लागलाही नसता.

पण कहाणी एकदा बसली की ती उपटायची सोय कोर्टाकडे जवळजवळ नाही. ज्यूरीच्या खटल्यात एखादी नको ती गोष्ट साक्षीदाराच्या तोंडून गेली की वकील हरकत घेतो आणि न्यायाधीश ज्यूरीला बजावतात, हे विसरून जा. शिकागो विद्यापीठाच्या ज्यूरी प्रकल्पाने १९५०च्या दशकात याची परीक्षा घेतली. अपघाताच्या नुकसानभरपाईचा एकच ध्वनिमुद्रित खटला, ऐकणाऱ्या तीस प्रायोगिक ज्यूरी. प्रतिवादी गाडीवाल्याचा विमा नाही असं कळलं तेव्हा सरासरी भरपाई ३३,००० डॉलर. विमा आहे असं कळलं आणि कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा ३७,०००. विमा आहे असं कळलं, हरकत घेतली गेली आणि न्यायाधीशांनी ते विसरायला सांगितलं, तेव्हा ४६,०००. माझ्या धंद्यातले लोक हे आकडे ऐकून हसतात. हरकत कधी घ्यायची याइतकीच ती कधी घ्यायची नाही हीही कला आहे, हे सगळ्यांना माहीत असतं.

मग उपाय काय? अमेरिकन वकिलांनी हाताशी धरलेला उपाय म्हणजे माणसंच निवडून घ्यायची. खटल्याआधी संभाव्य ज्यूररना प्रश्न विचारायचे आणि नकोत त्यांना ठरावीक संख्येपर्यंत कारण न देता गाळायचं. हेतू कागदावर निर्मळ आहे, पक्षपाती माणसं बाहेर राहावीत. प्रत्यक्षात प्रत्येक बाजू आपल्याला सोयीचा पक्षपात आत ठेवायला बघते. १९८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून ज्यूरर गाळायला मनाई केली. त्यावर वकिलांनी वंश सोडून बाकी सगळी कारणं द्यायला सुरुवात केली: डोळ्याला डोळा भिडवत नव्हता, उत्तरं तुटक होती, वगैरे. मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाने ४२पैकी ४१ कृष्णवर्णीय संभाव्य ज्यूरर गाळले होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली तेव्हा तो दोन दशकांहून जास्त काळ कोठडीत होता.

निवडीचं हे शास्त्र मला फारसं पटत नाही, नैतिकदृष्ट्या नाही आणि व्यावहारिकदृष्ट्याही नाही. आत्या कुठल्याही प्रश्नावलीतून सुखरूप पार झाली असती. सुशिक्षित, शांत, कायद्याला मानणारी, आरोपीशी ओळख नाही.

माझं लक्ष जातं ते दुसरीकडे, त्या आकड्यांकडे.

टिळकांच्या १८९७च्या खटल्यात ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. फूट नेमकी वंशाच्या रेषेवर पडली. तेव्हाच्या कायद्यानुसार हायकोर्टात नवांपैकी सहा जणांचं एकमत झालं आणि न्यायाधीशांना ते मान्य असलं की काम भागत असे. म्हणजे लागणारी किमान संख्या सहा आणि ज्यूरीत युरोपियनही सहा. त्या खोलीत दार लावून घेतल्यावर सहा जणांनी उरलेल्या तिघांकडे वळून “तुम्हाला असं का वाटतं?” असं विचारण्याची काही गरजच नव्हती. विचारलं तर सौजन्य, न विचारलं तरी निकाल तयार.

१९०८ला तर आधीच सावधपणा केला गेला. विशेष ज्यूरी नेमली तर तीत मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचंच बहुमत होईल, आणि खटला तर मराठी अग्रलेखांवरचा, असा आक्षेप टिळकांच्या बाजूने घेतला गेला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. (हेच दावर १८९७ साली वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी उभे होते. १९०८ साली न्यायाधीशाच्या खुर्चीवरून त्यांनी जामीन नाकारला.) ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. टिळकांनी स्वतःच स्वतःचा बचाव केला आणि ज्यूरीपुढे एकवीस तास दहा मिनिटं बोलले. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची, जी पुढे मंडालेच्या तुरुंगात काढावी लागली.

वकील म्हणून मी त्या एकवीस तासांचा पुष्कळदा विचार केला आहे. समोरच्या सात जणांपैकी एकही हलणार नाही हे टिळकांना कळत नव्हतं, असं मानणं म्हणजे टिळकांनाच न ओळखणं. तरी ते इंग्रजी कायद्याचे दाखले देत राहिले, वृत्तपत्रस्वातंत्र्याचे रखवालदार तुम्ही आहात असं ज्यूरीला सांगत राहिले. तोंड ज्यूरीकडे होतं आणि कान देशाचे होते. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो त्या दुसऱ्या श्रोत्यांचा कौल. नानावटी खटल्यात हा प्रवाह उलटा वाहिला. तिथे बाहेरचा आवाज आत गेला.

आता अमेरिकेतली एक तारीख. १८९८, म्हणजे टिळकांच्या पहिल्या खटल्यानंतरचं वर्ष. लुइझियाना राज्याने नवी राज्यघटना केली आणि तीत गंभीर गुन्ह्यांसाठी बारापैकी नऊ ज्यूररचा कौल पुरेसा ठरवला. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून सरसकट वगळलं तर केंद्राचा कायदा आडवा येणार, मग एक-दोन जण आत आलेच तर त्यांच्या मताला किंमत उरू नये, अशी ती योजना. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताशिवाय दिलेले असे कौल घटनाबाह्य ठरवले आणि त्या निकालपत्रात हा इतिहास स्पष्ट लिहिला. मुंबईचा नियम आणि लुइझियानाचा नियम एकाच हेतूने केले होते असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र सख्ख्या भावांसारखे.

हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन यांनी प्रायोगिक ज्यूरी बसवून हाही फरक पाहिला होता. ज्यांना बारांचं एकमत हवं होतं त्या ज्यूरी जास्त वेळ बसल्या, पुराव्यांवर जास्त बोलल्या. ज्यांना आठ किंवा दहा मतं पुरत होती त्यांनी हात वर करून मोजणी लवकर केली, आणि आकडा भरला की चर्चा थांबली. अल्पमतातली माणसं तिथे कमी बोलली. कुणी ऐकणार असेल तर माणूस बोलतो, हे त्यांना प्रयोगातून दिसलं. घरातल्या थोरल्या जावेला ते केव्हापासून ठाऊक असतं.

म्हणून ‘ज्यूरी भावनेच्या आहारी जाते’ या वाक्याशी माझं भांडण आहे. भावना सगळ्यांनाच असतात. नऊ जणांच्या नऊ कहाण्या एकमेकींवर आदळायला वेळ मिळाला का, आणि शेवटच्या माणसाला पटवल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही अशी सोय होती का, हा खरा प्रश्न. नानावटी खटल्यात आठ जण एका बाजूला होते आणि तेवढ्याने काम झालं होतं. नवव्याला पटवायची गरज नव्हती, नवव्याचं पटवून घ्यायची त्याहून नाही.

आणि त्या आठ जणांवर सगळा दोष टाकताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. सत्र न्यायाधीश मेहता ज्यूरीशी असहमत होते, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हे बरोबर. पण हायकोर्टाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या कौलाला दोषपूर्ण म्हटलं त्याचं एक मोठं कारण होतं खुद्द न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेलं मार्गदर्शन. गोळ्या अपघाताने सुटल्या असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवण्याचा भार कायद्याने त्याच्यावर येतो, हे ज्यूरीला नीट सांगितलंच गेलं नव्हतं. दार उघडं ठेवलं आणि आत कोण शिरलं म्हणून घरच्यांना बोल लावला, तसं हे झालं. शिकागोच्याच अभ्यासकांनी हजारो खऱ्या खटल्यांत न्यायाधीशांना विचारून पाहिलं की ज्यूरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता. सुमारे ७८ टक्के खटल्यांत दोघांचं जुळलं. जिथे जुळलं नाही तिथे बहुतेक वेळा पुरावा काठावरचा होता. पुरावा जिथे मोकळी जागा ठेवतो तिथे मन शिरतं, त्यांचाही निष्कर्ष साधारण असाच. ‘झटापटीत अपघात’ या बचावाने कायद्यातली जागा मोकळी करून दिली, आणि तिच्यातून शिरली ती मात्र संतापलेल्या नवऱ्याची कहाणी, जी बचावाचा मुख्य मुद्दा नव्हती.

ज्यूरी गेली, तिच्या जागी एकटे न्यायाधीश आले. त्यांना कारणं लिहावी लागतात, ती वरच्या कोर्टात वाचली जातात, हा फार मोठा फायदा आहे आणि मी रोज त्यावर पोट भरतो. पण मन तेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका प्रयोगात कायद्याच्या व्यवसायातल्या लोकांना दुकानातल्या चोरीचं प्रकरण वाचायला दिलं आणि शिक्षा सुचवण्याआधी फासे टाकायला लावले. फासे असे बनवलेले की बेरीज तीन तरी यावी किंवा नऊ तरी. तीन आलेल्यांनी सरासरी पाच महिन्यांच्या आसपास शिक्षा सुचवली, नऊ आलेल्यांनी आठच्या आसपास. फासे आपणच टाकले हे प्रत्येकाला माहीत होतं.

एकट्या खुर्चीपुढे युक्तिवाद करताना म्हणूनच मी समोर एक माणूस बसला आहे असं धरत नाही. न्यायमूर्ती सकाळचं वर्तमानपत्र वाचून आलेले असतात, काल रात्री त्यांच्या घरात टीव्हीवर याच प्रकरणावर चौघं ओरडत असतात. त्या चौघांची हरकत मला कोर्टात नोंदवता येत नाही.

मुंबईतून ज्यूरी पुरती गेलेली मात्र नाही. पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखालची प्रकरणं मुंबई हायकोर्टात आजही न्यायाधीशांसोबत बसणाऱ्या समाजातल्या ‘डेलिगेट्स’पुढे चालतात. १९३६च्या मूळ कायद्यात ते सात होते, १९८८च्या दुरुस्तीने पाच केले. समाज लहान, डेलिगेट त्याच समाजातले. नवरा-बायकोपैकी कुणाची मावशी कुणाच्या शेजारी राहते हे कळायला वेळ लागत नसणार. कायद्याचे प्रश्न न्यायाधीश सोडवतात आणि घडलं काय ते डेलिगेट ठरवतात, बहुमताने. पाचांपैकी तिघांचं जुळलं की वस्तुस्थिती ठरली. उरलेल्या दोघांना पटवण्याची अट या कायद्यातही नाही.